कपाळावरचं गोंदण

११ ऑगस्ट १९९९, बुधवार

सुटलं एकदाचं ग्रहण! जग आहे तिथेच आहे. पिठाची गिरणी पुन्हा सुरू झाली.

संध्याकाळी अंधारून आलं. ढग होते, सूर्य काही दिसला नाही. शेजारच्या कोंबड्या मुकाट्याने खुराड्यात गेल्या आणि थोड्या वेळाने फसवल्यासारख्या तोंडाने बाहेर आल्या. मी खिडकीशी उभी राहून प्रार्थना करत होते. घाबरले नव्हते — बरं, थोडी घाबरले होते. इथे कोण वाचतंय की खोटं लिहू?

हे डेपोतून आले. चपला काढता काढता म्हणाले, "मग? आजचं रद्द झालं का?" मी म्हटलं, "चहा टाकू की नको तेवढं सांगा." म्हणाले, "टाक. साखर जास्त टाक. उद्याची ड्यूटी पक्की झाली."

हसून घेतलं, पण रविवारचं हसण्यासारखं नव्हतं. बाहेरगावचे एक प्रचारक भाऊ चर्चमध्ये आले होते. भिंतभर कापडी तक्ता टांगला. त्यावर सात डोक्यांचं श्वापद, दहा शिंगं, लाल रंगाची उधळण. काठीने दाखवत सांगितलं — बुधवारी सूर्य काळा होणार, प्रकटीकरणाचा सहावा अध्याय! वर्ष संपायच्या आत बाकीचं. साबणाच्या कागदावरच्या काळ्या रेघा म्हणजे श्वापदाची खूण. तक्त्यावर एक माणूस काढला होता, त्याच्या कपाळावर आणि उजव्या हातावर निळ्या शाईचे ठिपके. खाली आगीचं तळं. लहान पोरं रडायला लागली. मोठी माणसं रडली नाहीत, पण पोरांना उचलून भरभर घरी गेली.

पाळकसाहेब काल घरी येऊन गेले. "रीताबाई, लोक झोपत नाहीत हो. प्रकटीकरणाचे सोपे पाठ लिहा. घरोघरच्या सभांमध्ये वाचता येतील असे." मी शाळेत चौथीला शिकवते, बायबलाच्या शेवटच्या पुस्तकाला, योहानाच्या दर्शनाला हात कुठून लावायचा? पण हो म्हणून बसले. माझ्या जिभेला हाड नाही.


१३ ऑगस्ट

पाठ पहिला झाला. पहिलंच वाक्य — "हे पुस्तक भिण्यासाठी नव्हे, धीर धरण्यासाठी लिहिलं आहे." ह्यांना वाचून दाखवलं. "तुला वाचून धीर आला का?" म्हणाले. यांचं तोंड!


१५ ऑगस्ट, रविवार

सकाळी शाळेत झेंडावंदन, दुपारी साखरा गावची एसटी. तिथून तांडा चालत. शंकरसिंगभाऊंच्या अंगणात दर रविवारी प्रार्थनासभा भरते. चार वर्षांपूर्वी ते काविळीने मरता मरता वाचले, तेव्हापासून नवरा-बायको दोघं प्रभूच्या विश्वासात. आता तीन ऑक्टोबरला दोघांचा बाप्तिस्मा ठरला आहे. तांड्यातला पहिला बाप्तिस्मा, म्हणून पाळकसाहेबांनी गावोगावच्या ख्रिस्ती मंडळ्यांना सांगून ठेवलंय.

त्यांची बायको शकुंतलाबाई म्हणजे सभेचा आवाज. गाणं चुकेल पण थांबणार नाही. आरशांची काचोळी, हातभर बांगड्या, कायम पुढे बसणार. आज मात्र शेळ्यांच्या गोठ्याशी बसली. ओढणी पार हनुवटीपर्यंत ओढलेली, उजवा हात ओढणीच्या आत. गाणं नाही, काही नाही. मला वाटलं दाढ दुखत असेल.


२२ ऑगस्ट, रविवार

दाढ नाही.

सभा उठल्यावर मला गोठ्यामागे घेऊन गेली. ओढणी वर केली, हात पुढे केला. कपाळावर गोंदणाचे ठिपके, उजव्या हाताच्या पाठीवर गोंदणाची नक्षी. तांड्यातल्या तिच्या वयाच्या कुठल्याही बाईला असतं तसंच. मी शंभर वेळा पाहिलं असेल, कधी लक्ष दिलं नाही.

"तक्त्यावर बराबर ह्याच जागा व्हत्या, बाई. उजवा हात अन् कपाळ. रंग बी ह्योच."

मी हसले! देवा, मला क्षमा कर, मी हसले. आणि तिच्या डोळ्यांत पाहिल्यावर तिचा हात हातात घेतला.

मग मी तिला समजावलं. ही खूण म्हणजे प्रतीक. योहानाच्या काळात रोमी बादशहाला देव म्हणावं लागे. जो म्हणणार नाही त्याला बाजारात उभं करत नसत. त्या काळच्या लोकांना धीर द्यायला योहानाने चित्रांच्या भाषेत लिहिलं. बरोबर सांगितलं, अगदी सविस्तर सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुमी शाळेतलं सांगून राहिल्या. मला माझं सांगा. ह्याला बाप्तिस्मा देऊ देत," — नवऱ्याकडे बोट — "मला नको. मी उतरले तर पाणी बाटंल."

परत येताना एसटीत उभ्याने आले. बसायला जागा होती, पण बसवलं नाही.


२३ ऑगस्ट

त्या तक्त्याला सोनेरी झालर होती. झालर! आगीच्या तळ्याला झालर लावणाऱ्याला काय म्हणावं?


२७ ऑगस्ट

आज भाजी निवडताना एकदम लख्ख आठवलं — आईच्या दोन भुवयांच्या मध्ये गोंदण होतं! हिरवट, बारीक. आजोबा मिशनात यायच्या आधी कुणीतरी तिला गोंदलं असणार. आई जन्मभर चर्चमध्ये पहिल्या ओळीत बसली. मी तिच्या कडेवर बसून त्या ठिपक्यावर बोट ठेवून खेळले आहे. त्या खुणेचा तेरावा अध्याय मी तिच्याच शेजारी बसून ऐकला असेल, आणि ह्या दोन गोष्टींचा संबंध माझ्या डोक्यात कधी आला नाही. आईच्याही आला नसणार. आला असता तर तिने पहिलं पाळकालाच धारेवर धरलं असतं.

रविवारी शकुंतलाबाईला हे सांगते. हायसं वाटलं.


२९ ऑगस्ट, रविवार

सांगितलं. ती म्हणाली, "तुमच्या आईला ठावं नव्हतं. मला आता ठावं झालं."

ठावं करून देणारे आले आणि ठावं करून गेले.


१२ सप्टेंबर, रविवार

निवडणुकीची एक गंमत. हट्टा गावचे मसाजी पाळकसाहेबांच्या दारात सकाळीच हजर. मतदान केलं नाही म्हणे. "बोटाला शाई लावतेत. पुसत न्हाई. ही खूण न्हाई तर काय?"

पाळकसाहेबांनी मला बोलावून घेतलं. मी विचारलं, "मसाजीमामा, शाई कुठल्या हाताला लावतात?" "डाव्या." "आणि पुस्तकात कुठला हात?" मसाजी बराच वेळ आपल्या दोन्ही हातांकडे बघत बसले. मग म्हणाले, "आता मतदान तर होऊन गेलं! आधी काहून न्हाई सांगितलं?" आमचे दोघांचेही चेहरे पाहण्यासारखे झाले. चहा पिऊन गेले बिचारे, मोकळे होऊन. साबणही घेऊन जा म्हटलं, त्या रेघांना भिऊ नका.

सगळ्यांचं असं एका प्रश्नात सुटलं तर किती बरं.


१९ सप्टेंबर, रविवार

लिहूनच काढते.

शकुंतलाबाईने हातावरचं गोंदण बिब्ब्याने जाळलं. तिच्या भाषेत — बिब्बा उतला. बोटांपासून कोपरापर्यंत फोड, हात भोपळ्यासारखा सुजलेला. कुणीतरी खोबरं वाटून थापलं होतं. ती अंगणात बसून होती आणि चेहरा, खरं सांगते, समाधानाचा होता!

"हाताचं झालं. हात बरा झाला की कपाळाचं. मंग मी बी उतरते पाण्यात."

शंकरसिंगभाऊ मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, माझं ऐकून न्हाई राहिली ती. डोळे जातील म्हनलं. तर म्हन्ती, दोन डोळ्यांनी भाईर राहण्यापरीस एका डोळ्यानं देवाच्या राज्याच्या आत गेलेलं बरं, आपल्या बाईनंच शिकवलं."

शिकवलं होतं. मार्काचा नववा अध्याय, उन्हाळ्यात, याच अंगणात. तेव्हा हिने किती छान मान डोलावली होती.

मी तिच्यावर ओरडले. सगळ्यांसमोर. "डोळ्यात एक थेंब गेला तर आंधळी होशील, कळतं का?" तिने डाव्या हाताने माझा हात थोपटला. मलाच! म्हणाली, "तकलीफ करून घेऊ नका."

दवाखान्यात घेऊन जायचं शंकरसिंगभाऊंनी कबूल केलं. कपाळाला हात लावायच्या आधी मला पुढच्या रविवारी भेटायचं, असं तिच्याकडून वचन घेतलं. तिने दिलं. तेवढा एकच आधार घेऊन आले. जेवताना ह्यांनी ताटात माझ्या आवडीची भाकरीची पापडी काढून ठेवली.

प्रभू, पाठ कसले लिहितेय मी? आठ पाठ झाले आणि एका बाईचं कपाळ वाचवता येत नाही.


२१ सप्टेंबर, मंगळवार

शाळेतून येताना जनावरांच्या बाजारावरून आले. एका खोंडाला चौघांनी दाबून धरलं होतं. व्यापाऱ्याच्या माणसाने तापलेलं लोखंड मांडीवर टेकवलं. वास आला. खोंड ओरडलं, उठलं, आणि दुसऱ्याच माणसाने दावं धरून नेलं. झालं, विकलं गेलं.

तिथेच उभी राहिले. मागून सायकलवाला ओरडत होता, "मावशी, सरका की!"

श्वापदाची खूण कशासाठी? खूण असेल त्यालाच विकता येईल, विकत घेता येईल. बाजारासाठी! हा तर डाग आहे. डाग वेगळा आणि गोंदण वेगळं. तांड्यातल्या माणसाला हे मी सांगायचं? त्यांचे वाडवडील बैलांचे तांडे घेऊन मीठ-धान्य वाहायचे. डाग त्यांच्याइतका कुणाला माहीत असणार!

घरी येऊन पिशवीसुद्धा खाली न ठेवता प्रकटीकरण काढलं. पोरांना रोज सांगते — आधी सगळा धडा वाचा, मग उत्तर लिहा. आणि मी त्या तक्त्यावाल्या भाऊंसारखी तेराव्या अध्यायातच अडकून बसले होते. खूण तेराव्यात येते. पण सातव्यात, कितीतरी आधी, देवाचा दूत थांबा म्हणतो — माझ्या माणसांच्या कपाळांवर शिक्का होईपर्यंत कशालाही हात लावू नका! चौदाव्यात पुन्हा कपाळ, त्यावर कोकऱ्याचं आणि पित्याचं नाव. आणि अगदी शेवटी, बाविसाव्यात, ते त्याचं तोंड पाहतील, आणि त्याचं नाव त्यांच्या कपाळावर असेल. श्वापदाने नक्कल केली आहे, नक्कल! पहिली खूण देवाची.

हे म्हणाले, "कूकरच्या किती शिट्ट्या झाल्या?" माहीत नाही. डाळीचं पिठलं झालं. हसत खाल्लं दोघांनी.


२६ सप्टेंबर, रविवार

सभा नंतर घेतली, आधी तिच्यासमोर बसले. हाताला पट्टी होती, सूज उतरलेली. बिब्बे फडक्यात बांधून उंबऱ्यावर ठेवलेले मला दिसले. ती वचनाला पक्की, पण तयारीलाही पक्की.

मी विचारलं, "शंकरसिंगभाऊ, बैलाला डाग कोण देतं?"

"ज्याचा बैल त्यो. न्हाई तर घेणारा."

"कशाला?"

"कशाला म्हंजे? मालकी कळाया. बाजारात झगडा नको."

"बैलाला विचारून देतात?"

हसले. "बाई, चार माणसं बसतेत त्याच्यावर."

मग शकुंतलाबाईला विचारलं, "आणि तुम्हाला गोंदलं कुणी?"

"गोंदणारीण आली व्हती. याडीनं बोलावली." याडी म्हणजे आई. "लई रडले मी. याडी गूळ चारत व्हती."

"तुम्हाला विकायचं होतं का तिला?"

ती चिडली. खरोखर चिडली! "काय बोलून राहिल्या? लेकीला कोण इकतं? आपली हाय म्हणून गोंदत्यात. कुठं बी हरवली तरी कळावं, कोणाची हाय."

"आता पुस्तकात बघू," मी म्हटलं, "श्वापद कुठली खूण देतं. विकण्या-घेण्याची. म्हणजे डाग की गोंदण?"

शेळी तेवढी ओरडली. शंकरसिंगभाऊ हळूच म्हणाले, "डाग."

मग सातवा अध्याय वाचला. मग चौदावा. मग बावीस. तिने परत वाचायला लावलं. त्याचं नाव त्यांच्या कपाळावर. पुन्हा एकदा. बोट ठेवा म्हणाली, कुठं लिहिलंय ते दाखवा. वाचता येत नाही तिला, तरी त्या ओळीवर स्वतःचं बोट ठेवून बसली.

"मंग देव बी गोंदतो?"

मी पाठात असं लिहिलं नसतं. पाळकसाहेबांनी खोडलं असतं. पण मी म्हटलं, "आपली आहे म्हणून. हो."

"अन् लहान लेकराला कुणी गोंदलं, त्याला काय कळत नसताना — त्याचा दोष धरतेत का त्याच्यावर?"

"नाही. श्वापदाची खूण त्याच्या पाया पडणाऱ्यांना आहे. समजून उमजून. आईच्या हातच्या गोंदणाचा दोष कुणीही धरत नाही."

"बराबर सांगून राहिल्या ना? मला खूश करायला न्हाई?"

"देवाशपथ" म्हणणार होते, पण शपथ घेऊ नये असंही मीच शिकवलंय. म्हटलं, "माझ्या आईलाही तिथेच भेटायचंय मला. तिचं कपाळ तुम्हाला सांगितलंच."

तिने तोंडावरून ओढणी मागे सारली, पार डोक्याच्या मागे, आणि गाणं सुरू केलं. चुकीचं कडवं. शंकरसिंगभाऊंनी फडकं उचललं आणि शेताच्या बांधाला जाऊन बिब्बे खड्ड्यात पुरून आले. आले तेव्हा नाक पुसत होते.

एसटीत आज बसून आले. वाटेतल्या सेनगावपर्यंत झोपच लागली मला.


३ ऑक्टोबर, रविवार

कयाधू नदीला पाणी होतं, कमरेइतकं. आधी शंकरसिंगभाऊ उतरले. मग ती. पाळकसाहेबांनी डोकं पाण्यात बुडवलं, वर काढलं, कपाळावरून पाणी ओघळलं आणि ठिपके लखलखले. हातावर गुलाबी डाग राहिलाय, तो राहणारच. हट्ट्याचे मसाजी काठावर उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्यांच्या साबणाचा वास माझ्यापर्यंत येत होता.

नवे कपडे घालून ती वर आली आणि मला म्हणाली, "पाणी बाटलं न्हाई, बघा."

मी रडले. ह्यांनी रुमाल दिला, तो ग्रीसचा निघाला. दिवसभर तोंडावर काळा पट्टा घेऊन हिंडले, कुणी सांगितलं नाही.


२० ऑक्टोबर

बारावा पाठ लिहून पूर्ण. "डाग आणि गोंदण" असं नाव दिलंय. पाळकसाहेबांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बाई, शास्त्री लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "शास्त्री लोकांची झोप उडालेली नाही." एक शब्दही खोडला नाही त्यांनी!


१८ नोव्हेंबर

ते प्रचारक भाऊ पुन्हा येणार होते. पाळकसाहेबांनी नम्रपणे कळवलं, सध्या भिंतीला रंग देतोय. रंग देत नाहीयेत. खोटं बोलले पाळकसाहेब! किती बरं वाटलं.


१ जानेवारी २०००, शनिवार

जग आहे. वीज नाही. ती काल दुपारपासूनच नाही, म्हणजे याचा त्याच्याशी काही संबंध नाही. हे म्हणाले, "आपला नवा जिल्हा होऊन आठ महिनेच झाले, इतक्यात बंद करून कसं चालेल?"


२ जानेवारी, रविवार

तांड्यावर नव्या वर्षाची सभा. शकुंतलाबाईने गुळाच्या पोळ्या केल्या होत्या. भांडी घासताना सहज म्हणाली, "आता संगिताची काळजी मिटली, बाई."

"संगिता कोण?"

"माझी पोरगी. सात वर्षाची व्हती. गोवरात गेली. माझ्या पोराच्या, दिपकच्या आधीची."

चार वर्षं मी या अंगणात येते. मला माहीत नव्हतं.

"तिला मी हौसेनं गोंदलं व्हतं. कपाळावर, हातावर. बराबर माझ्यासारखं. मांडीवर घट्ट धरली मीच. त्या तक्त्यावाल्यानं सांगितलं, तवा मला माझं काय वाटलंच न्हाई. मला आत जायाचं व्हतं फकस्त. म्हणून जाळून राहिले व्हते. आत गेले असते, देवाचे पाय धरले असते. म्हनले असते, पोरीला आत घ्या, तिचं काय चुकलं न्हाई, मी गोंदलं."

तांब्या पालथा घातला, हात ओढणीला पुसले.

"आता पाय धरायची गरज न्हाई. ती आधीच आत हाय. न्हाई का, बाई?"

मी म्हटलं, "आहे."